‘फक्त पिन’ म्हणजे काय?

मागच्या अंकात कार्डांबद्दलचे प्रश्न मागवले, आणि आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं ‘माझी चूक नसताना’ या शब्दांनी सुरू झालेली निघाली. मला त्याची सवय आहे. बावीस वर्षं मी एका बँकेच्या चार्जबॅक विभागात काढली. ग्राहक म्हणायचा, ‘हे पैसे मी दिलेच नाहीत’, दुकानदार म्हणायचा, ‘दिलेत, ही बघा स्लिप’, आणि मधे आम्ही. रुजू झाले त्या दिवशी आमच्या साहेबांनी पाठकोऱ्या कागदावर चार चौकोन काढले होते : ग्राहक, ग्राहकाची बँक, दुकानदार, दुकानदाराची बँक. मधल्या गोलात व्हिसा किंवा मास्टरकार्ड. म्हणाले, “परदेशातली भानगड समोर आली की नियमांचं पुस्तक नंतर उघड. आधी बघ, पैसे बुडाले तर या चौघांतल्या कोणाचे बुडणार. नियम त्यावरूनच झालेत.” साहेब आता नाहीत, पण कागद माझ्याकडे आहे.

प्रश्न : आम्ही ॲम्स्टरडॅमला मुलाकडे गेलो होतो. एका दुकानात ‘पिन ओन्ली’ अशी पाटी होती. माझ्या क्रेडिट कार्डाला पिन आहे, तो पाठही आहे. तरी यंत्राने कार्ड घेतलं नाही. मुलाने त्याचं कार्ड लावलं, लगेच चाललं. माझ्या कार्डाची मर्यादा जवळपास पूर्ण शिल्लक होती. मग बिघडलं कुठे?
(एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, तुम्ही पाटी इंग्रजीत वाचलीत, दुकानदाराने ती डचमध्ये लिहिली होती. नेदरलँड्समध्ये ‘पिन’ म्हणजे चार आकडे नव्हेत. तिथे ‘पिन’ म्हणजे डेबिट कार्डाने पैसे देणं. त्यांनी त्याचं क्रियापदसुद्धा केलंय, ‘पिनेन’. पाटीचा अर्थ एवढाच होता की आम्ही रोख घेत नाही आणि क्रेडिट कार्डही घेत नाही. तुमच्या पिनची परीक्षा तिथे झालीच नाही. यंत्राने कार्डाची जात बघितली आणि दार लावलं.

हे तिथल्या एखाद्या दुकानदाराचं खूळ नाही. बऱ्याच देशांनी व्हिसा-मास्टरकार्डच्या आधी किंवा त्यांच्या शेजारी आपलं घरचं कार्ड उभं केलंय. डेन्मार्कचं डॅनकार्ट १९८३ सालचं. कॅनडाचं इंटरॅक १९८४ सालचं. नॉर्वेत बँकअ‍ॅक्सेप्ट, बेल्जियममध्ये बँकॉन्टॅक्ट, पोर्तुगालमध्ये मल्टिबांको, जर्मनीत गिरोकार्ड. जर्मन माणूस अजूनही गिरोकार्डाला जुन्या नावाने ईसी-कार्ड म्हणतो, त्यामुळे तिथल्या पाटीवर ‘ईसी’ दिसलं तर तीही तुमच्यासाठी नाही असं समजा. या घरच्या कार्डांवर दुकानदाराला फार थोडा खर्च येतो. तुमच्या परदेशी क्रेडिट कार्डावर जास्त येतो. कमी नफ्यावर चालणारा दुकानदार दोनातलं स्वस्त निवडतो, आणि तुम्ही रांगेत अवघडून उभ्या राहता.

न्यूझीलंडमधला प्रकार मला सगळ्यात मजेशीर वाटतो. तिथल्या एफ्टपॉस या घरच्या कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराला व्यवहारागणिक काहीच द्यावं लागत नाही. यंत्राचं भाडं भरलं की झालं. आता तिथल्याच माणसाकडे एक डेबिट कार्ड आहे. ते त्याने यंत्रात खुपसलं आणि ‘चेक’ किंवा ‘सेव्हिंग्ज’चं बटण दाबलं तर व्यवहार घरच्या रस्त्याने जातो, फुकट. तेच कार्ड त्याने वरून टॅप केलं तर तो व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या रस्त्याने जातो, आणि दुकानदाराला कट द्यावा लागतो. कार्ड तेच, खातं तेच, हात फक्त वेगळा हलला. म्हणून तिथे टॅप करू नका अशा पाट्या दिसतात. अशा यंत्रावर तीन बटणं आली तर पाहुण्याने तिसरं, ‘क्रेडिट’चं दाबायचं, कार्ड डेबिट असलं तरी. ‘सेव्हिंग्ज’ दाबलंत तर यंत्र तुमचं बचत खातं तिथल्या बँकांत शोधत बसेल.

जर्मनीतली एक पद्धत साहेबांच्या चार चौकोनांवर हुबेहूब बसते. दुकानदार त्याच गिरोकार्डावर दोन प्रकारे पैसे घेऊ शकतो. पिन टाकून घेतले तर बँक हमी देते. स्लिपवर सही घेऊन घेतले, तर ती सही म्हणजे ‘माझ्या खात्यातून वळते करा’ एवढीच परवानगी, हमी शून्य. खात्यात पैसे नसले तर वळतं परत येतं आणि नुकसान दुकानदाराचं. पण हा रस्ता आणखी स्वस्त पडतो, म्हणून ओळखीच्या गिऱ्हाइकांवर गुजराण असलेले दुकानदार सही घ्यायचे. ग्राहकाला वाटतं, आज पिन का नाही मागितला? त्याला ठाऊकच नसतं की दुकानदाराने आत्ता त्याच्यावर थोडा विश्वास आणि थोडा जुगार टाकलाय.

पुढच्या वेळी नेदरलँड्सला जाल तेव्हा व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड बरोबर ठेवा. तिथली जुनी माएस्त्रो कार्डं, म्हणजे मास्टरकार्डचीच एक जुनी डेबिट जात, आता मागे पडताहेत. जुलै २०२३ पासून युरोपात नवीन माएस्त्रो देणं बंद झालं आणि बँका त्याजागी नेहमीची डेबिट कार्डं देऊ लागल्या. दुकानांना यंत्रं त्याप्रमाणे बदलावी लागली, आणि त्यात पाहुण्यांचंही फावलं.

प्रश्न : मी आयर्लंडमध्ये राहते आणि विणकामाचे नमुने वेबसाइटवरून विकते. सगळ्या नमुन्यांची किंमत एकच आहे, पण माझ्या खात्यात दर वेळी वेगळी रक्कम जमा होते. आयरिश गिऱ्हाइकाकडून सगळ्यात जास्त, इंग्लंडच्या गिऱ्हाइकाकडून कमी, अमेरिकेतल्याकडून आणखी कमी. आणि आता ब्राझीलमधून एकीने विचारलंय की सहा हप्त्यांत पैसे दिले तर चालतील का. एवढ्याशा किमतीला हप्ते?
(एक छोटी व्यावसायिक)

उत्तर : तुमच्या हिशेबात कोणी हातचलाखी करत नाहीये. तुमच्याकडून जो कट कापला जातो त्यातला एक मोठा तुकडा ग्राहकाच्या बँकेकडे जातो. त्याला इंटरचेंज म्हणतात. तो तुकडा किती मोठा असावा हे युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून कायद्याने बांधून टाकलं : वैयक्तिक डेबिट कार्डावर ०.२ टक्के, क्रेडिटवर ०.३ टक्के, त्याहून जास्त नाही. तुमचं आयरिश गिऱ्हाईक यात बसतं. पण तेच गिऱ्हाईक ऑफिसचं कार्ड वापरेल तर बसणार नाही, कारण कंपन्यांची कार्डं या मर्यादेबाहेर ठेवली आहेत. आयरिश ऑर्डरींतही मधेच एखादी रक्कम खाली घसरलेली दिसली तर आधी तेच तपासा.

इंग्लंडचं गिऱ्हाईक पूर्वी आयरिश गिऱ्हाइकाच्याच पंगतीत बसायचं. ब्रेक्झिटनंतर ते बाहेरचं झालं. २०२१ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने अशा ऑनलाइन खरेदीवरचं इंटरचेंज डेबिटला ०.२ वरून १.१५ टक्के आणि क्रेडिटला ०.३ वरून १.५ टक्के केलं. समुद्र तेवढाच रुंद राहिला, इंटरचेंज निदान पाचपट झालं. हे १.१५ आणि १.५ आकडेही हवेतून आलेले नाहीत. युरोपबाहेरच्या कार्डांवर युरोपातल्या दुकानदाराकडून ऑनलाइन किती घ्यायचं, याबद्दल या दोन कंपन्यांनी २०१९ मध्ये युरोपीय आयोगाला जे कबूल केलं होतं, तेच हे आकडे. समोरासमोर, यंत्रावर कार्ड लावलं तर मात्र परक्या कार्डालाही ०.२ आणि ०.३ च. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल : यंत्रावर चिप आणि पिन असतो, लबाडी अवघड. वेबसाइटवर नुसता नंबर असतो.

मग अमेरिकन कार्डावर इंग्लिश कार्डापेक्षाही कमी का मिळतं? इंटरचेंज दोन्हींना सारखंच लागतं. फरक पडतो तो कार्ड कंपनीच्या स्वतःच्या सीमापार आकारामुळे आणि तुमची पेमेंट सेवा देणाऱ्या मध्यस्थाने लावलेल्या वेगळ्या दरामुळे. मध्यस्थाचं दरपत्रक उघडा. त्यात ‘युरोपातली कार्डं’, ‘ब्रिटिश कार्डं’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ अशा वेगळ्या ओळी असण्याची दाट शक्यता आहे. विक्री वाढली असेल तर बसून बोला. हा दर काही दगडावरची रेघ नसतो, इंटरचेंजची असते.

खुद्द अमेरिकेतल्या दुकानदाराची गोष्ट वेगळीच. तिथे क्रेडिट कार्डाच्या इंटरचेंजला कायद्याची मर्यादा नाही. तिथल्या लोकांना कार्डावर पॉइंट आणि विमानाची तिकिटं मिळतात, ती बरीचशी दुकानदाराच्या या कटातून. डेबिटला मर्यादा आली, २०११ मध्ये, तीसुद्धा फक्त १० अब्ज डॉलर किंवा त्याहून जास्त मालमत्ता असलेल्या बँकांच्या कार्डांना : व्यवहारामागे २१ सेंट, वर रकमेच्या ०.०५ टक्के, आणि लबाडी रोखण्याची व्यवस्था ठेवणाऱ्या बँकेला आणखी एक सेंट. १०० डॉलरच्या खरेदीवर हे २७ सेंट होतात, छान वाटतं. २ डॉलरच्या खरेदीवर २२ सेंटच्या वर जातात, म्हणजे अकरा टक्के! आधी छोट्या रकमांना सवलतीचे दर असायचे. मर्यादा आली आणि कार्ड कंपन्यांनी कमाल दर सगळ्यांना सरसकट लावला. दुकानदारांच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने छोटी बिलं फाडणाऱ्यांचंच कंबरडं मोडलं. दुसऱ्या टोकाला भारत : १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयवर दुकानदाराकडून काही घ्यायचंच नाही. हा खर्च मग कोणी सोसायचा यावर बँका तेव्हापासून कुरकुरताहेत, आणि बँकेत आयुष्य घालवूनही मला त्यांची पूर्ण कीव येत नाही.

ब्राझीलच्या बाईंचा प्रश्न त्यांच्यासाठी अगदी साधा आहे. तिथे क्रेडिट कार्ड म्हणजेच हप्ते. ‘पार्सेलादो’ म्हणतात. बिनव्याजी हप्ते दुकानदार देतो, आणि ते छोट्या खरेदीवरही मागितले जातात. ग्राहक सहा हप्ते म्हणाला की दुकानदारालाही पैसे सहा महिन्यांत मिळतात. एकरकमी क्रेडिट व्यवहाराचेसुद्धा तिथे रिवाजाने तीसेक दिवसांनी मिळतात. आधी हवे असतील तर बँकेला थोडे पैसे सोडायचे आणि उरलेले आज घ्यायचे. तिथल्या दुकानदाराचा अर्धा जीव या ‘आगाऊ’च्या गणितात असतो. ‘बिनव्याजी’ हा शब्द ग्राहकाच्या बाजूने खरा आहे. किंमत आधीच त्या व्याजासकट बसवलेली असते. पण हे हप्ते ब्राझीलमधल्या बँकेने दिलेलं कार्ड आणि ब्राझीलमधलं दुकान यांच्यातच नीट चालतात. तुमच्या आयरिश खात्यावर त्या बाईंचं कार्ड एकरकमीच चालेल. त्यांना प्रेमाने नाही म्हणा, किंवा तिथे विक्री वाढणार असेल तर तिथलं खातं असणारा मध्यस्थ शोधा.

प्रश्न : न्यूयॉर्कमध्ये हॉटेलात जेवलो. वेटर कार्ड घेऊन आत गेला, मला ते आवडलं नाही. फोनवर आलेला मेसेज बिलाच्या रकमेचा होता. चार दिवसांनी खात्यावर त्याहून जास्त रक्कम दिसली. फसवणूक आहे ना?
(एक इंजिनीअर)

उत्तर : स्लिपवर टिपच्या ओळीत आकडा लिहून सही केली होतीत का? केली असणार. तिथे आधी बिलाची रक्कम बँकेकडून मंजूर करून घेतात, मग तुम्ही टिप लिहिता, आणि रात्री दुकान बंद करताना बेरीज करून पक्की रक्कम पाठवतात. मेसेज पहिल्या पायरीचा होता, खात्यावरची रक्कम शेवटच्या पायरीची. तुमची प्रत आणि खात्यावरची रक्कम जुळत नसेल तरच तक्रार करा.

कार्ड आत नेण्याचं म्हणाल तर, जिथे पिन आला तिथे यंत्राला गिऱ्हाइकाकडे यावंच लागलं. ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून पिन सक्तीचा झाला आणि वेटर यंत्र टेबलाशी घेऊन यायला लागले. अमेरिकेने चिप उशिरा घेतली. चिपचं यंत्र नसेल तर बनावट कार्डाचं नुकसान दुकानदाराच्या गळ्यात, हा नियम तिथे ऑक्टोबर २०१५ मध्ये लागू झाला. पण क्रेडिट कार्डाला पिन त्यांनी घेतलाच नाही, सही ठेवली. आणि २०१८ मध्ये मोठ्या कार्ड कंपन्यांनी सहीचीही सक्ती काढली.

सहीवरून माझीच फजिती सांगते. २००७ साली मी फ्रान्समधल्या एका स्टेशनवर रात्री तिकिटाच्या यंत्रासमोर उभी होते. खिडकी बंद, गाडी अकरा मिनिटांत. माझं कार्ड बिनचिपचं, नुसत्या चुंबकीय पट्टीचं, सहीवर चालणारं. फ्रान्समधली सगळी बँक कार्डं १९९२ च्या अखेरीलाच चिपची झालेली. यंत्र पिन मागतंय आणि माझ्या कार्डाकडे द्यायला काही नाही. सही बघायला यंत्राला डोळे कुठून असणार? लोकांच्या कार्डांच्या तक्रारी सोडवणारी मी, गाडीचे मागचे दिवे बघत राहिले.

प्रश्न : परदेशी दुकानात यंत्र विचारतं, ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ मी नेहमी आपल्या चलनात म्हणते, म्हणजे नक्की किती गेले ते कळतं. बरोबर ना?

उत्तर : नाही. तिथल्या चलनात म्हणा. नेहमी. आपल्या चलनातला आकडा दाखवणारी ही सेवा दुकानदाराच्या बाजूची असते, दर ती सेवा देणारेच ठरवतात, त्यात आपला नफा घालतात आणि दुकानदाराला त्यातला वाटा देतात. वर तुमची बँक ‘परदेशातला व्यवहार’ म्हणून आपला आकार लावू शकते तो वेगळाच. आकडा नक्की कळतो हे खरं, पण तो कळण्यासाठी बिनपाण्याची हजामत करून घेण्यात काय शहाणपण? युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के जास्त लावतोय हे यंत्राला दाखवावं लागतं. एकदा तो टक्का वाचा, पुढच्या वेळी मला विचारायची वेळ येणार नाही. आणि न विचारता दुकानदाराने तुमचं चलन निवडलं तर तिथेच व्यवहार रद्द करायला सांगा. निवड ग्राहकाची, असा कार्ड कंपन्यांचाच नियम आहे.

प्रश्न : माझ्या भारतीय कार्डावर इथल्या साइटला प्रत्येक वेळी ओटीपी येतो. एका अमेरिकन साइटने मात्र नुसता नंबर घेऊन पैसे कापले. माझी बँक झोपली होती का?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : बँक जागी होती. ओटीपी मागायचा की नाही हे दुकानाकडून सुरू होतं. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली, युरोपात तसा नियम सप्टेंबर २०१९ मध्ये आला. अमेरिकेत अशी सक्ती नाही. तिथला दुकानदार हिशेब करतो : पडताळणी लावली आणि मग लबाडी निघाली तर नुकसान सहसा ग्राहकाच्या बँकेचं. नाही लावली तर नुकसान माझं. पण लावली की अर्धवट खरेदी टाकून जाणारी गिऱ्हाइकंही वाढतात. बरेच जण म्हणतात, नुकसान माझं तर माझं, विक्री जाऊ नये. म्हणजे ओटीपी न येण्याचा धोका मुख्यतः त्याने उचललाय. तुमच्या हातात तक्रार करण्याचा हक्क आहे, बहुतेक कारणांसाठी साधारण १२० दिवस, पण तेवढं थांबू नका. आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराचं बटण असतं, नको तेव्हा बंद ठेवा.

तक्रार करण्याआधी घरात विचारा. खात्यावर छापलेलं नाव दुकानाच्या पाटीवरचं नसतं, त्यामागच्या कंपनीचं असतं. ‘हे नाव मी जन्मात ऐकलं नाही’ म्हणून आमच्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी धाकट्या भावाच्या गेमपाशी संपायच्या.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात कार्ड दिलं म्हणून वर जादा टक्के लावले. युरोपात कधी लावले नाहीत. कोण कायदा मोडतंय?

उत्तर : कोणीच नाही. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये दुकानदाराला ती मुभा दिली आणि २०१६ मध्ये ‘खर्च येतो त्याहून जास्त लावायचं नाही’ अशी वेसण घातली. युरोपीय संघाने जानेवारी २०१८ पासून वैयक्तिक कार्डांवर ते बंदच केलं. अमेरिकेत क्रेडिट कार्डासाठी १० डॉलरपर्यंत किमान खरेदीची अट घालता येते. दक्षिण कोरियात कार्ड घेणाऱ्या दुकानाने कार्ड नाकारणं हाच गुन्हा. इटलीत जून २०२२ अखेरपासून कार्ड नाकारलं तर ३० युरो आणि वर रकमेच्या ४ टक्के दंड.

प्रश्न : परदेशात घेतलेली वस्तू दुसऱ्या दिवशी परत केली. दुकानाने पूर्ण पैसे परत दिले म्हणतात, माझ्या खात्यात कमी आले.

उत्तर : दुकानाने त्यांच्या चलनात पूर्णच दिलेत. जाताना त्या दिवसाचा दर लागला, येताना या दिवसाचा, आणि बँकेचा परदेशी आकार बहुतेक परत येत नाही. क्वचित जास्तही येतात, पण त्याची पत्रं मला कधी आलेली नाहीत. दोन्ही स्लिपांवरची तिथल्या चलनातली रक्कम सारखी आहे का तेवढं बघा. आणि स्लिपांचे फोटो काढून ठेवा. त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, मग तुम्ही मला पाठवलात तसा कोरा कागद हातात राहतो.